सत्तावीस नंबरचं टेबल

वर्षाली ओव्हाळ लाइन इनचार्ज झाली तेव्हा तिच्या वडिलांनी पुनावळ्याच्या सोसायटीत मजल्यामजल्यावर जाऊन पेढे वाटले होते. बबनराव पिंपरीतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे भरून निवृत्त झालेले. त्यांच्या काळात सुपरवायझर म्हणजे काचेच्या केबिनमधला, दुरून बघायचा माणूस. आता त्यांची पोरगीच बेचाळीस बायांवर साहेब झाली होती. 'साहेब' हा शब्द वर्षालीला आवडत नसे, पण तो उच्चारताना वडिलांचा चेहरा असा काही उजळायचा की तिला त्यांना टोकवत नसे.

चाकण एमआयडीसीतली तिची कंपनी गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवायची. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगभर फिरणारा वायरींचा जुडगा. दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांना वीज पोचवणारा. बाया ओळीने आपापल्या टेबलापाशी उभ्या राहून फळीवर वायरी लावत, त्यांची टोकं प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये खोचत, वरून टेप गुंडाळत. टोक नीट बसलं की बारीकसा 'टक्' आवाज होतो. मग हलकेच ओढून बघायचं, सुटत नाही ना. दाबा, ऐका, ओढा, हे प्रत्येकीला पहिल्या दिवशी शिकवलं जाई. आणि काही खटकलंच, तर प्रत्येक टेबलावर एक पिवळी दोरी लोंबत असे. ती ओढली की दिवा पेटायचा आणि सगळी लाइन जागच्या जागी थांबायची.

दोरी सगळ्यांसाठी होती, पण ओढायच्या त्या कुसुमताई.

कुसुमताई निघोज्याच्या, जुन्या गावकीतल्या. वय चौपन्न. कंपनी उभी राहिली तेव्हाच्या पहिल्या तुकडीतल्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. सत्तावीस नंबरच्या टेबलावर त्या अकरा वर्षं उभ्या होत्या, आणि त्या टेबलावरून पुढे गेलेला माल परत आला, असं कोणाला आठवत नव्हतं. "म्याडम, ह्याचा आवाज बराबर न्हाई," असं म्हणून त्या दोरी ओढायच्या, टोक काढून पुन्हा बसवायच्या, चारदा ओढून बघायच्या आणि मग मान हलवायच्या. कधी खरंच काही निघायचं, कधी नाही.

प्लांट हेड शेखर सर रोज सकाळी नऊ वाजता सगळ्या इनचार्जना फळ्यासमोर उभं करायचे. कोणाची लाइन किती मिनिटं थांबली, ते लाल शाईत लिहिलेलं असे. मार्चमधल्या एका सोमवारी वर्षालीच्या नावापुढे अडतीस हा आकडा होता. आठवड्याच्या सुरुवातीलाच पहिल्या दोन तासांत तीनदा दोरी ओढली गेली होती.

"वर्षाली, ही लाइन आहे की बसचा थांबा?" शेखर सर म्हणाले. बाकीचे इनचार्ज हसले. सगळे पुरुष, सगळे तिच्यापेक्षा जुने. डिप्लोमा करून, नोकरी सांभाळत ताथवड्याच्या कॉलेजात उरलेली डिग्री पुरी करून ती इथवर आली होती. ते हसू तिला झोंबलं. कानाच्या पाळ्या तापलेल्या घेऊनच ती खाली लाइनवर आली, आणि चहाच्या सुट्टीनंतर तिने सगळ्या बायांना एकत्र बोलावलं.

"कुसुमताई, तुमचं आता वय झालंय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "कानाला कमी ऐकू येतं की जास्त, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण तुमच्या कानांपायी एक्केचाळीस जणींनी हाताची घडी घालून उभं राहायचं का?"

मागच्या रांगेतल्या दोन-चार पोरी फिसकन हसल्या. कुसुमताईंनी मान वर केली नाही. हातातली टेपची चकती त्यांनी उगाच उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "बरं म्याडम. ऱ्हायलं."

त्याच दुपारी वर्षालीने त्यांना पॅकिंगला पाठवलं.

सत्तावीस नंबरवर करिष्मा आली. सव्वीस वर्षांची, माजलगावकडची, कंत्राटदाराच्या पटावरची, चारच महिन्यांपूर्वी लागलेली. नवरा पोकलेनवर ऑपरेटर म्हणून गावोगाव फिरायचा आणि ती म्हाळुंग्याला एका खोलीत सासू आणि तीन वर्षांच्या मुलीबरोबर राहायची. हाताला चलाख, तोंडाने अबोल. वर्षालीला अशाच मुली हव्या असायच्या.

पुढचे सहा आठवडे लाइन थांबली नाही. एकदाही नाही. फळ्यावर वर्षालीच्या नावापुढे रोज शून्य. शेखर सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. फोटो बबनरावांनी मोबाइलवरून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आपण शिस्त आणली, असं वर्षालीला वाटलं. लाइनवरून फिरताना पूर्वी कोणी ना कोणी हाक मारायचं, मॅडम हे बघा, मॅडम ते बघा. आता ती आली की सगळ्यांच्या माना खाली. कामात किती गढून गेल्यात, असं तिच्या मनात यायचं आणि तिला बरं वाटायचं.

त्या सहा आठवड्यांतली एकच गोष्ट पुढे तिला काट्यासारखी सलत राहिली. एका गुरुवारी करिष्मा जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी आली होती.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

वर्षाली लॅपटॉपवर आकडे भरत होती. तिचं लक्ष करिष्माच्या बोटांवर गेलं. दोन्ही अंगठ्यांना आणि पहिल्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. "हे काय? पट्ट्या लावून काम करतेस म्हणून तुझं टेबल मागे पडतं. काढ त्या. आणि काय असेल ते नंतर सांग, आता मला वेळ नाही."

करिष्मा क्षणभर उभी राहिली आणि गेली. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्राहक कंपनीचा मेल आला. त्यांच्या नव्या मालवाहू गाड्यांपैकी चार गाड्या चालता चालता बंद पडल्या होत्या. दिवे गेलेले, वायपर गेलेले. एक तर अवकाळी पावसात, घाटात. ड्रायव्हरने गाडी कशीबशी कडेला घेतली म्हणून निभावलं. चारही गाड्यांत एकाच कनेक्टरमधलं टोक बाहेर सरकलं होतं. तपासणीच्या बोर्डावर हे पकडलं गेलं नव्हतं, कारण टोक आत टेकलेलं असलं की वीज जाते आणि दिवा हिरवा लागतो. ते सुटतं गाडीच्या हादऱ्यांनी. चारही हार्नेसवर एकाच टेबलाचा शिक्का होता. सत्तावीस.

शेखर सरांनी वर्षालीला केबिनमध्ये बोलावलं. "मूळ कारणाचा रिपोर्ट आज संध्याकाळच्या आत गेला पाहिजे. शिक्का दिसतोय, ऑपरेटर दिसतेय. नवी आहे ना? मग प्रश्न काय आहे?"

प्रश्न काय आहे, ते वर्षालीला त्या क्षणी ठाऊक होतं. पूर्ण नाही, पण होतं. कीबोर्डवर हात ठेवल्यावर कुसुमताईंचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला होता: ह्याचा आवाज बराबर न्हाई. त्या सोमवारच्या तीन वेळा, आणि त्यानंतर सहा आठवड्यांची शांतता. धागा समोर होता, नुसता ओढायचा होता. पण तो ओढला तर तो तिच्याच हातापर्यंत येणार होता. तिने लिहिलं: ऑपरेटरने टोक पूर्ण दाबले नाही. टेबल क्रमांक २७. उपाय म्हणून लिहिलं: संबंधित ऑपरेटरला कामावरून कमी केले. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करिष्माला गेटवरच अडवलं. कंत्राटदाराचा माणूस तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता आणि ती डबा छातीशी धरून ऐकत होती. वर्षालीला हे जिन्याच्या खिडकीतून दिसलं. तिने पाऊल उचललं आणि ती वर मीटिंगला गेली.

गेलेला सगळा माल ग्राहकाच्या आवारात जाऊन तपासायचा होता. सतराशे हार्नेस. वर्षालीने लाइनवरून माणसं काढली तर उत्पादन पडणार, म्हणून पॅकिंगमधल्या सहा जणी घेतल्या. त्यात कुसुमताई होत्या. पत्र्याच्या शेडखाली, डोकं तापवणाऱ्या उन्हात, त्या सगळ्या खोके उघडून बसल्या.

तासाभराने कुसुमताईंनी एक कनेक्टर हातात धरला आणि वर्षालीला जवळ बोलावलं. नखाने त्यांनी आतली प्लास्टिकची बारीक जीभ दाखवली, जी टोकाला अडकवून धरते.

"ही जीभ बघा म्याडम. पातळ हाय. दाबली की वाकती. आपला जुना माल असा न्हवता. ह्यात टोक कितीबी दाबा, धरायचं न्हाई."

वर्षालीने तो कनेक्टर घेतला, जुन्या मालातला एक शोधून शेजारी धरला. फरक डोळ्यांना दिसत होता. पुरवठादाराने साचा बदलला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"हे तुम्हाला आत्ता लक्षात आलं?" तिने विचारलं.

"आत्ता?" कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्या सोमवारी तीनदा दोरी कशापायी वढली व्हती मी?"

"मग तुम्ही सांगायचं होतं ना, की माल बदललाय म्हणून."

"सांगतच व्हते की. तुमी माझ्या कानांवरच घसरलात."

वर्षालीने हातातले दोन्ही कनेक्टर खिशात टाकले. कुसुमताईंनी पुढचं खोकं ओढलं. जरा वेळाने, मान वर न करताच, त्या म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. मला पॅकिंगला काय वाईट हाय? पर त्या पोरीला काढलं ते वंगाळ झालं. तिला म्हायती व्हतं. समद्या पोरींना म्हायती व्हतं. ती तर येकेक टोक दोनदोनदा दाबायची, घट्ट बसावं म्हणून. शेवटी बोटं सुजली तिची, पट्ट्या लावून यायची. पोरी म्हणाल्या, सांग म्याडमला. गेल्ती म्हणं ती तुमच्याकडं."

"आणि बाकीच्या? त्यांनी दोरी का नाही ओढली?"

कुसुमताईंनी खरोखरच नवल वाटल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. "आकरा वर्सं काम केल्याल्या बाईला समद्यांसमोर तसं बोलल्यावर? कोन वढंल?"

वर्षाली उठून शेडच्या मागे गेली. तिथे रिकाम्या पिंपांच्या सावलीत उभी राहिली. ग्राहकाचा एक इंजिनीअर शेजारून जाताना म्हणाला, "मॅडम, पाणी हवंय का?" तिने नको म्हटलं. करिष्माच्या पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांवरून तिची नजर हटत नव्हती, आणि तिथे समोर पिंपांशिवाय काहीही नव्हतं.

संध्याकाळी घरी जेवताना बबनरावांनी विचारलं, "काय ग, तुझ्या कंपनीत काहीतरी गडबड झाली म्हणे. प्रितम सांगत होता." प्रितम तिचा नवरा, तो समोरच बसला होता.

"माल परत आला थोडा."

"कोणाची चूक?"

"एका ऑपरेटरची," वर्षाली म्हणाली. शब्द सवयीने बाहेर पडले.

बबनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "हं. आमच्या वेळीही ऑपरेटरचीच असायची."

ते टोमणा म्हणून बोलले नव्हते. त्यांनी लगेच भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारलं. पण वर्षालीने ताट बाजूला सारलं. वडिलांना एकदा आठ दिवस घरी बसवलं होतं, ते तिला आठवलं. साचा फुटला होता आणि दोष त्यांच्या नावावर चढला होता. ती तेव्हा सातवीत होती. ते आठ दिवस वडील सकाळी कपडे करून बाहेर पडायचे आणि पिंपरी स्टेशनच्या बाकावर बसून यायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आणि आज तिच्या सहीने कोणीतरी तसंच कुठेतरी बसलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि म्हाळुंग्याला गेली. पत्ता कुसुमताईंनी दिला होता. एका चाळवजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, ओळीने आठ खोल्या. करिष्मा दारात कपडे वाळत घालत होती. वर्षालीला बघून तिने पदर सावरला, पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"या," ती म्हणाली. आत सासूने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मुलगी कोपऱ्यात बसून जुन्या डब्यात झाकणं भरत होती.

वर्षालीने येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती सगळी नाहीशी झाली. "करिष्मा, चूक तुझी नव्हती," ती म्हणाली. "मला कळलंय. कनेक्टरच खराब होता."

"मला म्हाईत होतं मॅडम."

"तू त्या दिवशी माझ्याकडे आली होतीस."

"तुम्हाला आठवतं होय?" करिष्माच्या आवाजात पहिल्यांदा थोडी धार आली. "मला वाटलं नसंल आठवत. तुम्ही बघितलं पण नव्हतं माझ्याकडं, बोटांकडं बघितलं होतं."

वर्षालीने मान खाली घातली. "मी तुला परत घ्यायला सांगते. आजच बोलते."

"नको." उत्तर लगेच आलं. "मी तिथं पुन्हा नाही येणार. पण मी दोन कंपन्यांत जाऊन आले. कंत्राटदारानं सगळीकडं सांगून ठेवलंय, ह्या बाईमुळं माल परत आला म्हणून. लोक माझं नाव घेऊन बोलायलेत. खाली दुकानवाला पण इचारत होता." ती थांबली. सासू दाराकडे बघत बसली होती. "मला काम नको तुमचं. माझं नाव तेवढं काढा त्यातून."

चहा कोणी विचारला नाही. वर्षाली उठली तेव्हा करिष्मा पुन्हा दोरीवरचे कपडे झटकत होती.

दुपारी ती थेट शेखर सरांच्या केबिनमध्ये गेली आणि दोन्ही कनेक्टर, जुना आणि नवा, त्यांच्या टेबलावर ठेवले.

"रिपोर्ट बदलायचाय सर."

सरांनी कनेक्टर निरखले. ते कामातले माणूस होते, त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी ओठ चावला. "पुरवठादाराला झापतो मी. पण रिपोर्ट मंजूर झालाय वर्षाली. ग्राहकाने बंद केलंय प्रकरण. आता पुन्हा उघडायचं म्हणजे आपण पहिल्यांदा खोटं लिहिलं, असं स्वतःच सांगायचं."

"मी लिहिलं होतं. खोटं."

"तुला कळतंय का तू काय बोलतेस? या वर्षी असिस्टंट मॅनेजरसाठी तुझं नाव आहे."

"कळतंय सर. आणि हा माल अजून स्टोअरमध्ये आहे, नऊ हजार. रिपोर्टमध्ये ऑपरेटरची चूक लिहिली असेल तर हा माल कोणी अडवणार नाही. तो जाणार आणि पुन्हा कुठल्या तरी घाटात कोणाचे तरी दिवे जाणार."

शेखर सरांनी नवा कनेक्टर पुन्हा उचलला आणि त्याची जीभ नखाने दाबून पाहिली. मग म्हणाले, "कारण काय लिहिणार आहेस?"

"कनेक्टर. आणि दुसरं कारण म्हणून लिहिणार आहे, की लाइनवरच्या अनुभवी ऑपरेटरने तीन वेळा सूचना दिली होती, लाइन इनचार्जने ती ऐकून घेतली नाही आणि तिला हलवलं. माझं नाव टाकणार आहे."

"माझंही टाक मग," सर चिडून म्हणाले. "बसचा थांबा मीच म्हणालो होतो ना?"

ते रागात बोलले की खरंच, ते तिला कळलं नाही. तिने त्यांचं नाव टाकलं नाही. आपलं टाकलं. रिपोर्ट गेला. नऊ हजार कनेक्टर परत गेले. असिस्टंट मॅनेजरच्या यादीतून तिचं नाव गळलं, आणि ते कोणी तिला सांगितलंही नाही. जुलैमध्ये दुसऱ्याच्या नावाचं पत्र निघालं तेव्हा तिला समजलं.

रिपोर्ट गेला त्याच आठवड्यात तिने चहाच्या सुट्टीनंतर बायांना पुन्हा एकत्र बोलावलं. पॅकिंगमधून कुसुमताईंनाही आणलं. 

"कुसुमताई, मी तुम्हाला या जागेवर, सगळ्यांसमोर बोलले होते. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. त्यामुळे करिष्मा गेली. मला माफ करा."

कुसुमताई अवघडून गेल्या. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत, हे त्यांना त्या सोमवारी जितकं नको होतं तितकंच आजही नको होतं. "असू द्या म्याडम. आता कशाला?" असं म्हणून त्या मागे सरकल्या.

"तुमचं टेबल तुम्हाला परत देते."

"नगं नगं." त्यांनी दोन्ही हात हलवले. "पॅकिंगला बसायला मिळतंय. माझं गुडघं बघा की. नव्या पोरी आल्या तर दाखवीन येऊन तासभर, तेवढं करंन."

आपल्या पश्चात्तापाला काहीतरी मोठी जागा मिळेल, कुसुमताई डोळ्यांत पाणी आणून टेबलाकडे जातील, असं वर्षालीने नकळत धरून ठेवलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती माफी मागायला आली होती, आणि तिला त्यातही शाबासकी हवी होती.

आणि बायांनीही त्या भाषणावर लगेच विश्वास ठेवला नाही. ठेवतील कशा? पुढचे तीन आठवडे दोरी कोणी ओढली नाही. फळ्यावर शून्य येत राहिलं आणि ते शून्य आता वर्षालीला खरं वाटेना. ती सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी एक तास लाइनवर उभी राहू लागली. कधी या टेबलावर, कधी त्या. स्वतः टोकं बसवायची. पहिल्या दिवशी तिचा वेग इतका कमी होता की शेजारची मुलगी तोंड फिरवून हसली. अर्ध्या तासात वर्षालीचे अंगठे दुखायला लागले. बेचाळीस जणी आठ तास हे करतात, हे तिला आकड्यांत ठाऊक होतं. अंगठ्यांत पहिल्यांदा कळलं. काम करता करता ती एकच विचारायची: "आज काय अडतंय?" सुरुवातीला उत्तर यायचं, काही नाही मॅडम. मग एकीने सांगितलं, टेपची चकती चिकटते. दुसरीने सांगितलं, पंखा नेमका डोळ्यात हवा मारतो. वर्षाली वहीत लिहायची आणि जमेल ते दोन दिवसांत करून द्यायची. जमलं नाही तर का जमलं नाही, ते येऊन सांगायची. पंखा वळायला नऊ दिवस लागले. तिने नवव्या दिवशी स्वतः शिडी धरली.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी पिवळा दिवा पेटला. वर्षाली धावली. केसरबाई नावाची बाई होती, साधारण चाळिशीची, दोरी अजून हातात. घाबरून चेहरा पांढराफटक.

"मला वाटलं ढिलं आहे म्हणून. आता बघते तर घट्ट आहे. चुकून ओढली मॅडम."

लाइन थांबली होती. चाळीस जणी बघत होत्या, आणि त्यांना केसरबाईकडे बघायचं नव्हतं, वर्षालीकडे बघायचं होतं. वर्षालीने कनेक्टर घेतला. ओढून पाहिला. खरंच घट्ट होता. तरीही तिने शेजारचे पाच उघडून पाहिले, केसरबाईला पाहायला लावले.

"ठीक आहेत," ती म्हणाली. "पुन्हा शंका आली तर पुन्हा ओढा." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "थँक यू केसरबाई."

चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लाल शाईत चार हा आकडा आला. शेखर सरांनी तो पाहिला, वर्षालीकडे पाहिलं आणि पुढच्या लाइनचा आकडा वाचला.

करिष्माचं पत्र तयार व्हायला मात्र दीड महिना लागला. एचआरला असं पत्र द्यायची सवय नव्हती. कोणाला निर्दोष म्हणायचा नमुनाच त्यांच्याकडे नव्हता. वर्षालीने मजकूर स्वतः लिहिला, चार वेळा परत आलेला बदलून दिला, आणि शेवटी शिक्का मारलेला कागद घेऊन म्हाळुंग्याला गेली. करिष्माने तो उभ्याउभ्या वाचला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हितं तारीख नाही." वर्षालीने पेन काढून तारीख घातली, शेजारी सही केली. करिष्माने कागद घडी करून कपाटात ठेवला. "बरं झालं," म्हणाली. एवढंच. मुलीने वर्षालीला डब्यातलं एक झाकण दिलं, आणि ते घ्यायचं की नाही, हे तिला ठरवता आलं नाही. तिने ते घेतलं आणि निघताना उंबऱ्यावर ठेवून दिलं.

ऑगस्टमध्ये वर्षालीला एक फोन आला. तळेगावच्या एका कंपनीतून. पलीकडचा माणूस भरतीचं काम बघणारा होता.

"करिष्मा म्हणून एक उमेदवार आहे. तुमच्याकडे होत्या. पत्रावर तुमची सही आहे म्हणून फोन केला. कशा आहेत कामाला?"

"चांगली आहे," वर्षाली म्हणाली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तिला थांबता येईना. "मालातला दोष तिने ओळखला होता. ती सांगायला आली होती माझ्याकडे. मी ऐकलं नाही आणि दोष तिच्या नावावर लिहिला. तुमच्याकडे ती काही सांगायला आली तर ऐकून घ्या."

 मग तो माणूस जरा गोंधळून म्हणाला, "मॅडम, ते सगळं ठीक आहे. वेळेवर येतात का, एवढंच विचारायचं होतं."

"येते," वर्षाली म्हणाली. "वेळेवर येते."

करिष्मा तळेगावला लागल्याचं तिला कुसुमताईंकडून कळलं. करिष्माचा फोन कधी आला नाही. नंबर वर्षालीच्या मोबाइलमध्ये होता, पण तिनेही तो कधी लावला नाही.